साक्षीचा पहिला परिच्छेद

जुळे सोलापूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. गुरुशांत यास अक्काचे आशीर्वाद आणि प्रभूत सलाम. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. सेवेच्या तयारीच्या महिन्यांत तुमचे मोबाईल मिरजेच्या केंद्रात जमा, त्यामुळे या वयात मला पुन्हा पत्रं लिहावी लागताहेत. अक्षराला हसू नकोस. उपवास कर, पण पाणी पीत जा. श्रावण सोमवारी दुपारीच शेंगा चोरून खाणारा तू, म्हणून काळजी वाटते.

काल रविवारच्या उपासनेत मी तुझी साक्ष, तू प्रभूकडे कसा आलास ती, मंडळीत वाचली. प्रभूचं सांगायला, सेवेला निघणाऱ्याची साक्ष घरच्या माणसानं वाचायची आणि घरच्यांनी ऐकायला यायचं, हा आपल्या मंडळीचा रिवाज. आई गेल्यावर ज्या बसम्मा मावशीनं आपल्याला वाढवलं, तिच्याशिवाय घरचं आहे कोण? म्हणून तिला मैंदर्गीहून मुद्दाम बोलावलं. ती इरकल नेसून, शेंगाचटणीचा डबा घेऊन आली. मंडळीच्या पाळकांना तिनं दोनदा सांगितलं, की पोरगं माझ्याच हातचं खाऊन मोठं झालंय. मग पहिल्याच बाकावर बसली.

आणि मी वाचलं : ‘आई गेल्यावर मला कुणीच माया लावली नाही. प्रभूनंच मला पहिल्यांदा जवळ घेतलं.’

कागद मी आधी पाहिला नव्हता. ते वाक्य समोर आलं तेव्हा गाळता आलं असतं. पण उपासनेत लिहिलेलं बदलू नये असं वाटलं आणि मी वाचत गेले. मावशी मान खाली घालून ऐकत राहिली. चहाला थांबली नाही, बस चुकंल म्हणाली. एप्रिलपासून तू तिच्याच घरी राहून त्या भागात सेवा करणार आहेस. त्याचं आता काय, हे मला विचारवलं नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दाक्षायणी

मिरज,
१७ फेब्रुवारी

ती. अक्का हिस सा. न. आणि सलाम.

तुझं पत्र घेऊन प्रार्थनेच्या खोलीत बसलो, पण प्रार्थना झाली नाही.

इथं साक्ष तीन परिच्छेदांत लिहायला शिकवतात : प्रभूआधीचं आयुष्य, प्रभूची भेट, नंतरचं आयुष्य. माझा पहिला परिच्छेद कुणाला भिडेना. खोलीतला अनिलकुमार दारूतून उठून आलाय, तो बोलायला लागला की सगळे गप्प होतात. माझ्याकडे तसं काही नव्हतं. पोटभर जेवलेला, तेल लावून शाळेत पाठवलेला मुलगा मी. मग आई गेली तेवढं ठेवलं आणि मावशीला काढून टाकलं. सरांनी पाठ थोपटली. पुढं पुढं मलाही ते खरं वाटायला लागलं, अक्का. भीती त्याचीच वाटते.

माझ्या बाप्तिस्म्याला मैंदर्गीचं कुणी आलं नाही. एकटी मावशी कपाळाला विभूती लावून, माझे कोरडे कपडे काखेत धरून उभी होती. पाण्यातून वर आलो तेव्हा अंगावर टॉवेल तिनं टाकला. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

साक्ष नव्यानं लिहून सोबत पाठवतोय. मावशीला बोलाव आणि तिच्यासमोर वाच. तिला थेट लिहायला माझा हात धजत नाही.

भाऊजींना सलाम. माझ्यावर रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.
तुझा,
गुरुशांत

जुळे सोलापूर,
२४ फेब्रुवारी

चि. गुरुशांत यास आशीर्वाद व सलाम. वि. वि.

काल नवी साक्ष वाचली. बाप्तिस्म्याच्या टॉवेलाच्या ओळीशी आले तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. पाळक म्हणाले, अशी साक्ष या मंडळीनं बऱ्याच वर्षांत ऐकली नाही. मावशी मात्र आली नाही. दोनदा फोन केला, तर दोन्ही वेळा म्हणाली, ज्वारी काढायला आलीया.

म्हणून दुपारच्या एसटीनं मीच मैंदर्गीला गेले. ती सुपात ज्वारी पाखडत होती. मी पर्समधून कागद काढला तर म्हणाली, ऱ्हाऊ दे दाक्षू, आधी हातपाय धू. जेवण झाल्यावर पुन्हा काढला, तेव्हा म्हणाली, बस हाय तुजी. मधे फक्त विचारलं, की उपासात पोराला ताप आला तर तिथं बघायला कोण हाय.

तुझ्यासाठी तिनं संक्रांतीलाच खोलीला चुना लावून घेतला होता. भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत. आत सामान काहीच नाही.

जपून राहा. आम्हां सगळ्यांची आठवण असू दे.
तुझी,
अक्का

मैंदर्गी,
४ मार्च

चि. गुरुशांतला बसम्माचा आशीर्वाद. मल्लय्याची तुज्यावर नजर असू दे, तुज्या देवाचीबी.

शेजारच्या चंद्रिकाकडनं लिवून घेतीया. ती नीटनेटकं करून लिवते म्हणाली, मी नगं म्हणलं.

दाक्षू तुजा कागद घेऊन आल्ती. मी वाचू दिला न्हाय. राग न्हाय रे. पर आधी तू मंडळीतल्या लोकास्नी एक सांगितलंस, मग दुसरं सांगितलंस. दोन्ही बारीला त्यांच्याशीच बोललास की. मी तितं बसल्याली काय, नसल्याली काय.

खोली तुजीच हाय. ये, ऱ्हा. गावात तुज्या देवाचं सांगायचं ते सांग, मी आड येणार न्हाय. आजवर कुणी इचारलं तर मी म्हणायची, पोरगं देव बदलून गेलं पर मला इसरलं न्हाय. आता इचारलं की मी भाकरी थापायला उठते.

मी तुजं काय केलं ते मला ठावं हाय, ते कुणी वाचून दावायला नगं. तुला ठावं हुतं का न्हाय, येवढंच मला कळंना झालंय.

उपास सोडताना एकदम लई खाऊ नगं.

बसम्मा