मेव्हण्याची गिटार

११ मे, रविवार
उन्मेषच्या गिटारची वरची फळी तडकली. तारा अडकवायच्या ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत सरळ चीर, आणि ब्रिजही एका बाजूने उचललाय. सुखदाचं म्हणणं, मी माझं स्टँडिंग डेस्क लावायला गिटार बाल्कनीत काढली म्हणून. दिल्लीचं हे गरम वारं, ही लू, मी सुरू केलेली नाही. लाकूडच कच्चं असणार. शेवटी सुखदाच्या भावाची खरेदी.
पंचवीस तारखेला मेव्हण्याला जाऊन वर्ष होईल. सासूबाई नागपूरहून येणार, आणि त्याचा मित्र नीरज याच गिटारवर त्याची आवडती गाणी वाजवणार. नीरजचा फोन आला. म्हणाला, भावोजी, तुम्ही हात लावू नका, माझ्या ओळखीचा कारागीर आहे. मी म्हटलं, बिल्कुल चिंता नको, घरात इंजिनिअर आहे. दोन वर्षं का होईना, इंजिनिअरिंग केलंय.

१२ मे
व्हिडिओ पाहिले, दीड स्पीडने. साध्या कामाचा केवढा बाऊ. लाकडाला हळूहळू ओलावा द्या, चीर आपोआप मिटू द्या, आठवडाभर थांबा. अशाने ऑफिसं चालली असती का.
संकल्प: रोज एक तास. शांतपणे. सुखदावर आवाज न चढवता.

१४ मे, ऑफिसनंतर
कोटल्याच्या बाजारातून क्लॅम्प, गोंद, पॉलिश पेपर आणले. ओला टॉवेल गिटारच्या पोटात कोंबून ती कूलरसमोर ठेवली. आवाज चढला, पण थोडाच. सुखदाने सुरुवात केली.

१५ मे
चीर मिटली. फळी फुगली. हे अपेक्षितच असतं. तसं कुठे सापडलं नाही, पण असणार.

१७ मे, शनिवार
गोंद भरून क्लॅम्प आवळला. बारीक आवाज आला. दुसरी चीर. पहिलीला समांतर असल्यामुळे वाईट दिसत नाही.
सलोनी म्हणाली, पापा, मामा की गिटार है, प्लीज रहने दो. घरात मराठीत बोलायचं, असं तिला बजावलं. नववीतली मुलगी, मराठीत तिला एकच शब्द सुचला. नको.

२२ मे, गुरुवार
सुट्टी टाकली. पुट्टीने चिरा बुजल्याच होत्या. आज खरं काम. भोकाखाली एक मळकट डाग होता. उन्मेष वाजवताना करंगळी तिथे टेकवायचा. वीस वर्षांत व्हार्निश उडून लाकूड काळं पडलेलं. घासघासून काढला. आता फळी कोऱ्या पाटासारखी. सैल ब्रिज काढून वर व्हार्निशचे दोन हात.
सुखदाला दाखवली. तिला भरून आलं. मी बाहेर गेलो. अशा वेळी माणसाने कौतुकासाठी ताटकळू नये.

२४ मे, शनिवार
ब्रिज चिकटवला. त्याखालचं व्हार्निश खरवडा म्हणतात. ताजं काम कोण खरवडतो? तारा चढवल्या. गोंद वाळायला पूर्ण दिवस सांगतात, पण मे महिन्यात संध्याकाळपर्यंत पुरे.
सासूबाई आल्या. त्यांच्या घरात कौतुक कायम उन्मेषचं, बँकेची नोकरी सोडून टिंगटिंग करणाऱ्याचं. मला प्रमोशन मिळालं तेव्हा साधा फोन नाही. उद्या कळेल, हात कोणाचे कामाचे होते.

२५ मे, रविवार, संध्याकाळ
सासूबाईंनी गिटार मांडीवर घेतली. भोकाखाली हात फिरवत राहिल्या, परत परत, काही शोधत असल्यासारख्या. मी म्हटलं, आई, कितीही फिरवा, कुठे खडबडीत लागणार नाही. त्यांनी सुखदाला विचारलं, ही त्याचीच ना गं?
नीरज तारा जुळवायला लागला. फाटकन ब्रिज उखडला, फळीचा तुकडा घेऊनच. नीरजच्या हनुवटीला लागलं. फळीला तळहाताएवढं भगदाड. खोलीभर माणसांसमोर.
मी सगळ्यांना समजावून सांगितलं की नीरजने तार जास्त ताणली. नीरज हनुवटीला रुमाल धरून सासूबाईंकडे बघत म्हणाला, हो, माझंच चुकलं. चांगला मुलगा आहे. त्याने स्वतः कबूल केलं, हे इथे लिहून ठेवतो.

२६ मे
सासूबाईंना स्टेशनवर सोडलं. गिटार गाडीत घेऊन गेलो होतो, नागपूरला न्यायची असेल तर. म्हणाल्या, ठेवा तुम्हीच, आता ती तुमचीच झाली. तसं पाहिलं तर मेहनत माझीच आहे.

२७ मे, संध्याकाळ
सुखदा दोन दिवसांनी बोलली. घासताना पडलेला भुसा कुठे टाकलास, विचारलं. मी म्हटलं, लगेच गोळा करून कचऱ्याच्या गाडीत दिला, घरात कण ठेवला नाही. त्यात काळा होता का, म्हणाली. म्हटलं, थोडा.
ती उठली, कणीक मळली. पोळ्या दोघींपुरत्याच केल्या. मला भूक नसेल, असं वाटलं असावं.
विचारायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. विचारलं नाही. दूध-पोहे खाल्ले.