अमीनसाहेबांसाठी भरीत

२ मे १९४१, ताडकळस
आज बाजारात गर्दीतून कुणीतरी ‘वंदे मातरम्’ ओरडलं आणि मी गल्ल्यावर बसल्या बसल्या मोठ्यानं जबाब दिला. का दिला, कळलं नाही. भजनाची सवय. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं उचलायचं. ओरडणारा पळून गेला. निजामाच्या राज्यात हा नारा म्हणजे तुरुंग. पण मी कुठं पळणार? दुकान माझं आहे.
भ्यालो नाही. दुकान लवकर बंद केलं ते उन्हामुळं.

३ मे
पोलीस शिपाई येऊन गेला. आठ तारखेला दुपारी ठाण्याचे मोठे अधिकारी, अमीनसाहेब, घरी येणार. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणतो, ‘साहेबाच्या मनातलं मला काय ठावं?’
मला ठाऊक आहे. जिंतूरच्या एका व्यापाऱ्याला असंच घरी येऊन नेलं.
बायको महादेवी पालमला, माहेरी. ‘सैपाकाला काय अक्कल लागत न्हाई’ एवढंच मी म्हणालो होतो, त्यावर गेली. बरंच झालं. आता सिद्ध करून दाखवतो. माणूस पोटानं विरघळतो. असं जेवू घालायचं की वॉरंट खिशातच राहिलं पाहिजे.
बेत: सळईवर भाजलेले कांदे. निखाऱ्यावरच्या वांग्यांचं भरीत. कारळाची चटणी, कैरीची चटणी. पन्हं. ताक. ज्वारीची भाकर. सगळं उन्हाळी, सगळं सोपं.

४ मे
कारळं भाजली. मुळात काळीच असतात, त्यामुळं जळाली कधी ते समजत नाही. भिंतीपलीकडून चतुराबाईंनी विचारलं, ‘शिवमूर्ती, काय जाळायलास रे?’
चतुराबाई म्हणजे शेजारची म्हातारी. एकटी राहते. बाजारात माझ्या दुकानासमोर भाजी विकायला बसते. चटणी करतोय, म्हणालो.
‘मला वाटलं जुनं जोडं.’
बायकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

५ मे
कैऱ्या उकडायला ठेवल्या. तेवढ्यात बाहेर घोड्याच्या टापा. मी कणगीमागं जाऊन बसलो. तिथं किती जागा आहे, ते एकदा बघायचंच होतं. टांगा होता, निघून गेला. खात्री होईस्तोवर बसलो. पातेल्याचं बूड गेलं.
पन्हं रद्द. साहेबांना सर्दी होईल.

६ मे
भाकर तुटते. पीठ जुनं असावं. आपल्याच दुकानातलं, तक्रार कुणाकडं करायची? चतुराबाई म्हणाल्या, ‘हात लय थरथरायलाय तुजा.’ भाकर थापताना हात हलवावाच लागतो, हे त्यांना कोण सांगणार.
महादेवीला निरोप धाडावा असं सारखं वाटतं. पण नको. मला नेताना तिनं बघू नये.

७ मे
दोन्ही चटण्या रद्द. ताक नासलं. भरीत आणि कांदे, बस्स. भाकऱ्या चतुराबाई देणार आहेत. कमी पदार्थ खानदानी दिसतात.

८ मे
साहेब आले. ओसरीवर पाट मांडला. कांदे वरून कोळसा, आतून कच्चे. त्यांनी बाजूला सारले. भरीत भाकरीशी खाल्लं. चतुराबाई भाकऱ्या वाढत होत्या. हात धुऊन साहेब म्हणाले, ‘सेठ, उस दिन नारा लगा, तो तुम्हारी दुकान की तरफ से एक औरत ने जवाब दिया. कौन थी?’
औरत! माझा आवाज जरा बारीक निघाला असेल. उन्हानं घसा सुकतो.
तिकडं बसणारी बाई एकच. साहेब तिच्याकडं बघू लागले. मी होतो, असं मी सांगणारच होतो. पण धीर यावा म्हणून नुकताच भरताचा घास तोंडात टाकला होता आणि तोंडात घास असताना साहेबाशी बोलणं बरं दिसत नाही.
चतुराबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, ‘मीच म्हनले. काय करता?’
‘चलो थाने.’
पदर खोचून त्या टांग्यात चढल्या. मी घास गिळला तोवर टांगा वळणावर गेला होता. धावलो असतो. पायाला मुंग्या आल्या होत्या.

९ मे
ठाण्यात जाऊन सगळं सांगायचं, हे पहाटेच ठरवलं. ऊन उतरल्यावर निघू. ऊन उतरलं. टांगा मिळेना. एक टांगेवाला ‘बसता का, शेट?’ म्हणाला, पण तो दुसरीकडं चालला असावा. विचारलं नाही.
दिवसभर पोटात काही नाही.

१० मे
आज खरंच निघालो. वेशीपर्यंत गेलो. समोरून बायकांचा घोळका, मधे चतुराबाई, गळ्यात कण्हेरीचा हार. दम देऊन सोडलं म्हणे. मी म्हणालो, ‘मावशी, मी ठाण्यातच निघालो होतो.’ आता त्या या सगळ्यांसमोर माझं नाव घेणार!
त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘भ्यालास तर भ्यालास, लेकरा. पर भरतात मीठ तरी घालावं का न्हाई? त्यो साहेब वाटंभर तेच म्हनायलता.’
मीठ मी घातलं होतं. पक्कं आठवतं.
घरी आलो. परवाचं भरीत पातेल्यात तसंच पडलं होतं, आंबून. बोट लावून चाखलं.
मीठ नव्हतं.