पाइप डावीकडेच का?

१२ ऑक्टोबर

कैलाशनं नव्या बोलेरोतला बेसचा डबा कुलदीपकडून बनवून घेतला! माझा सख्खा साळा! इथं सानगडीत बहिणीच्या घरी साऊंडचं दुकान, आणि हा करडीहून निघतो तो थेट साकोलीला, त्या कुलदीपच्या दुकानात! फोनवर म्हणतो कसा, "भाऊजी, तुमचा डबा साफ वाजते, पण कुलदीपचा छातीत बसते ना."

बसू दे.

१३ ऑक्टोबर

रिताला म्हटलं, तुझ्या भावानं माझं नाक कापलं. ती चकल्या पाडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी बी पाइपवाला बनवा ना मंग."

झालं! इतकं सोपं!

मी बंद डबा बनवतो. चारी बाजूंनी पॅक, बेस स्वच्छ. कुलदीप डब्याला पाइप बसवतो, आतली हवा धपकन बाहेर येते, पोरं खूश. मीही एकदा भैय्याजी म्हणून एका गिऱ्हाइकासाठी पाइपवाला केला होता. त्यानं परत आणून आदळला. तेव्हापासून नाव काढलं नाही. आणि हा कुलदीप, माझ्याच दुकानात वायरी सोलायचा! आता दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत बघावं तर त्याच्याच गाड्यांभोवती गर्दी.

१७ ऑक्टोबर

दिवसभरात एक गिऱ्हाईक. "कुलदीपसारखा बनते का?" नाही म्हटलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

कैलाशची गाडी गल्लीत शिरायच्या आधी आमच्या दाराची कडी त्या बेसनं वाजायला लागली. रिता ताट घेऊन उभी, कौतुकानं हसते आहे! मीपण हसलो.

तो जेवायला बसला तसा मी टेप घेऊन गाडीत मागे शिरलो. हो, चोरून! लांबी, रुंदी, पाइप, सगळं मोजलं. पाइप मधोमध नाही, डावीकडे सरकवलेला. का? उजवीकडे एवढी जागा रिकामी! काहीतरी हिशेब असणारच. एवढं डोकं त्याला कधी आलं?

"भाऊजी, कुठी गेले? भात थंडा होऊन राहिला!"

जेवण गेलं नाही.

२५ ऑक्टोबर

मोबाइलवर व्हिडिओमागून व्हिडिओ पाहिले. पाइप डावीकडे का, कोणीच सांगत नाही. कुलदीपला विचारू? मेलो तरी नाही!

२७ ऑक्टोबर

बनवला. जसाच्या तसा. अंगणात ठेवून लावला — काय सांगू! टिनाचं छप्पर थरथरलं, तरी एकेक ठोका वेगळा ऐकू येत होता. असा डबा मी जन्मात बनवला नाही. खाली बसलो. रडूच आलं, रागानं. हे मला का नाही सुचलं? त्यालाच का?

२८ ऑक्टोबर

सकाळी रिता अंगण झाडता झाडता डब्यापाशी थांबली. "हा तं भैय्याजीच्या गाडीतला डबा होय. पुन्हा काहून बनवला?"

कोणता, म्हटलं.

"तोच ना! त्यायची बुढी माय आवाजानं घाबरली म्हणून वापस आणला होता. गाडीत स्टेपनी आड येत होती, तं तुमीच पाइप डाव्या आंगाले घेतला. मंग चिडून कुलदीपले म्हणले, घरी ने अन् चुलीत टाक."

आठवलं.

त्यानं टाकला नाही.