आक्काची चांदीची डबी

३ फेब्रुवारी
लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळलं. आज पाथरीला सायकलची ट्यूब आणायला गेलो, रद्दीवाल्याकडून पुस्तक घेऊन आलो. ट्यूब राह्यली. त्यात एका बाईनं स्वतःच्या डोक्याच्या आजाराचं लिहिलंय. कानातले आवाज, गोळ्या, दवाखाना. घरातले तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलायचे, जशी ती तिथं न्हाईच.
आमच्या आक्काचंच की. दाजीनं दुसरं लगीन केलं, तिला आमच्याकडं आणून सोडलं. वर गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट काढून घेतलं. सासू म्हणली, "येडीच्या अंगावर देव बाटतो."
हरामखोर.

५ फेब्रु.
लिंगपूजेशिवाय आक्का घास घेत न्हाई. दुधावर हाय. उपाशीपोटी गोळी घेतली की घेरी येती. मठातले स्वामी नवं लिंग द्यायला तयार. आक्का म्हणती, "माझं तिकडं जित्तं हाय. दुसरं कसं घालू?"
ठरलं. बोरीच्या बाजारादिवशी दाजीच्या कापडदुकानात जायचं. गिऱ्हाइकं भरली की पुस्तक मोठ्यानं वाचायचं. त्याला तोंड दाखवायला जागा ठेवणार न्हाई. पानं दुमडून ठेवलीत.

९ फेब्रु.
बाजार होता. जीपमधला एकजण म्हणला येलदरीच्या धरणावर लय मोठा मासा घावलाय. बोरीला उतरलोच न्हाई, मासा बघायला तसाच पुढं गेलो. मासा एवढासाच.
घरी आक्कानं शर्टाचा वास घेतला. "घेतलास बदला?"
"पुढल्या बाजारी."
"मासळीचा घेतलास वाटतं." लय दिवसांनी हसली. मला उलट जास्तच राग आला. ह्या हसण्याचा पण हिशोब दाजीकडूनच...

१२ फेब्रु.
आक्काला वाचून दाखवायलोय. एका पानाला म्हणली, "बाई खरं लिहायली. हे दुकानात वाचू नको."
"का?"
"लोक हसतील."
"दाजीला हसू दे की."
"त्याला कोण हसतंय? हसतील ते हिलाच."
दुमडलेली पानं सरळ केली.

१६ फेब्रु.
पुस्तक आक्काच्या उशाला ठेवलं. मोकळ्या हातानं जाणार. भर बाजारात एकच विचारणार: माझ्या बहिणीचं लिंग कुठं ठेवलंस? सांगेपर्यंत दुकानाच्या पायरीवरून हलणार न्हाई. आज येलदरी बुडाली तरी वळणार न्हाई.
चपला घातल्या तोवर दारात ऑटो थांबला. दाजीची नवी बायको. एकटी. पदराच्या गाठीत डबीएवढं काहीतरी घट्ट धरलंय. दाजीला ठाऊक न्हाई म्हणती, आणि आधी आक्काशीच बोलायचंय.