पाचवीच्या दिवशी ताप नव्हता

प्रिय आई,

आज वॉर्डात एका नव्या सिस्टरनं विचारलं, "मॅडम, हे बाळाच्या छातीवर बोट दाबून बघायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" बारा वर्षं मी या प्रश्नाला बगल देत आले. तू जाऊन दोन महिने झाले, आणि आज ते जमलं नाही. म्हणून घरी येताच लिहायला बसले.

आठवतं ना? बाळंतपणाला आंजी गावी तुझ्याकडे आले होते. सोनूची पाचवी. सटवाईचा पाट मांडलेला आणि सोनू सकाळपासून निपचित. येईल ती बाई म्हणायची, "किती गुणाचं लेकरू आहे व माय, रडत बी नाई!" मीही फुशारले. दूध ओढेना, तर झोपेत असेल म्हटलं. थर्मामीटर लावलं, ताप नाही. मी शिकलेली नर्स, तू चौथी पास दाई. मी कशाला ऐकतेय तुझं!

तू त्याची पावलं हातात धरलीस. मग छातीच्या मधोमध बोट दाबून उचललंस आणि मोजू लागलीस. एक, दोन, तीन, चार... पांढरा ठिपका जाईचना.

"अगं, ताप नाहीये त्याला," मी वैतागले.

"ताप नाई म्हणूनच भेव वाटून राह्यलं मले. पाय बरफ झाले पोराचे. रक्त फिरून नाई राह्यलं."

मोठी काकू आडवी आली. पाचवी पुजल्याशिवाय बाळ बाहेर नेतात का!

"उंबरा इथंच राहीन," तू म्हणालीस, "लेकरू नाई राहणार."

काय गं तुझी हिंमत!

जीपमध्ये तू त्याला माझ्या उघड्या छातीशी बांधलंस, वरून तुझं लुगडं. वर्ध्याला लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. जंतू रक्तात पसरले होते. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, वेळेत ओळखलंत. शाब्बास!"

आणि ती शाबासकी मी खुशाल घेतली. तू मागेच उभी होतीस, हातात त्याचं टोपडं. चिडायचं तरी! तू उलट गावभर सांगत फिरलीस, "पोरगी शिकली म्हणून वाचलं लेकरू." का केलंस असं? आणि तुला हे कुणी शिकवलं, तेही मी कधी विचारलं नाही.

आज सांगितलं त्या मुलीला. माझ्या आईनं शिकवलं, आंजीच्या दाईनं! सगळ्या पोरी गोळा झाल्या. माझी ताठ मान तू बघायला हवी होतीस.

सोनूलाही सांगितलं. त्यानं शर्ट वर करून छातीवर बोट दाबलं, उचललं. दोन मोजायच्या आत लाल, आई!

माझ्या हाताखालची प्रत्येक पोर आधी बाळाचे पाय धरेल, मग थर्मामीटर. आणि कुणी शाबासकी दिली, तर मी आधी तुझं नाव सांगेन. हा शब्द देते.

आंजीच्या दाईची पोरगी,
सुमन