डेमोतले शत्रू धावायचे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

आला! मल्हारचा ‘काळा बुरूज’ आज विक्रीला आला. जुन्या पद्धतीचा गोळीबाराचा गेम — ठोकळ्याठोकळ्यांची चित्रं, हातात बंदूक, अंगावर येणारे राक्षस. बुरूज आमच्या परंड्याच्या किल्ल्यावरून घेतलेत. धाकट्या भावानं एकट्यानं बनवला, आणि खेळून तपासायला मी एकटी! प्रत्येक बदल आधी माझ्या हातात.

आई म्हणाली, “लोकांना आवडल का रं?”

६ नोव्हेंबर

अभिप्राय यायला लागले. तोफांचा आवाज लई आवडलाय. पण — “संथ.” “राक्षस गोळी खायला उभेच राहतात.” “आजोबांसाठी बनवलाय का?”

डोकंच फिरलं. संथ कुठं? शेवटच्या बुरुजावर मला अजून घाम फुटतो!

मल्हार अभिप्राय वाचत बसला. नीट जेवलाही नाही.

७ नोव्हेंबर

केस आईनंच विंचरले. हात वर जात नाही आता. पण बोटं टिकलीत. मागच्या खेपेला सोलापूरच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं — स्नायूंचा आजार खांद्यापाशीच थांबलाय, गेम मी अजून पहिल्यासारखाच जिंकते. ते हसले. मल्हार खाली बघत होता.

९ नोव्हेंबर

म्हटलं, “एवढे सगळे म्हणतायत तर वाढव की वेग. एक आकडा तर बदलायचाय.”

“नाही.”

“का पण?”

“मला असाच पाहिजे, ताई.”

असा हट्टी तो कधीच नव्हता.

११ नोव्हेंबर

आज एक लांब अभिप्राय. शिवीगाळ नाही, समजुतीनं लिहिलेला. “दोन वर्षांपूर्वीचा डेमो मी खेळलोय. त्यातले शत्रू धावायचे. मग डेमोच्या दर नव्या आवृत्तीत ते हळू होत गेले. का, ते कळत नाही.”

पुन्हा पुन्हा वाचला.

तो डेमो जुन्या लॅपटॉपवर होता. तेव्हा मी तो गप्पा मारत मारत जिंकायचे. लावला. दार उघडलं — मेले. पुन्हा — मेले. बटण दाबेपर्यंत राक्षस अंगावर. पहिलं दालनसुद्धा ओलांडता येईना.

मल्हार दारात उभा. कधीपासून, कुणास ठाऊक.

“माझ्यासाठी हळू करत गेलास?”

“तू हरायला लागली होतीस. मग दुसऱ्या दिवशी खेळायला बसायचीच नाहीस, ताई.”

म्हणजे बोटं टिकली नव्हतीच. आणि हे त्याला माहीत होतं, बहुतेक डॉक्टरांनाही. मलाच नव्हतं.

रडले. त्याच्यासमोर नाही.

१२ नोव्हेंबर

“आता तरी वाढव.”

“मग तू?”

“मी बघत बसेन.”

“न्हाय जमायचं,” म्हणाला आणि उठून गेला. आई विचारते, भांडलात का गं? काय सांगू तिला!

१३ नोव्हेंबर

कुणीतरी नवं लिहिलंय — “बनवणाऱ्यानं गेम सोडून दिलेला दिसतो.”

इतकी वर्षं! रात्र बघितली नाही, दिवस बघितला नाही पोरानं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मीही अभिप्राय टाकला. माझ्या नावानं. एकेक अक्षर दाबत — “हा गेम मी पहिल्यापासून खेळत आलेय. लोक म्हणतात ते खरं आहे. यात भीतीच उरलेली नाही. सध्या घेऊ नका. वेग वाढवला की जरूर घ्या. — प्रतीक्षा, परंडा.”