उरीयाची बायको

दादूस,

बायबलातल्या दावीद राजाने आपल्याच सैनिकाला, उरीयाला, त्याच्या बायकोपायी मुद्दाम मरायला पाठवलं, तरी रडून कबूल केल्यावर देवाने त्याला माफ केलं, असं काल प्रार्थनासभेवरून येऊन तू सांगितलंस. तुलाही केलं म्हणालास.

तू दारू सोडलीस, माझ्या पोराला शाळेत नेतोस, ते दिसतं मला. पण शीळफाट्यावर पिऊन गाडी तू चालवलेली, आणि गेला माझा नवरा. मग देवाने माफ करताना मला नको विचारायला? उरीयाच्या बायकोला तरी कोणी विचारलेलं?

तू पण नाही विचारलंस. विचारलंस तर काय बोलू, तेच कळत नाही.

हे तुला देणार नाही. आज कालवण केलं, तर तुझं पण ताट वाढलं. का, ते तुझ्या देवालाच विचार.

तुझी बहीण,
निशा